भरीत, सोनू आणि त्याची ताई

यंदा डिसेंबरात अमळनेरजवळच्या आमच्या गावी दोन आठवडे होतो. शेतात भरीत करायचं ठरलं, तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. तीसेक माणसं, धूर, पोरांचा गोंगाट, आणि आमचा नऊ वर्षांचा सोनू. त्याला ऑटिझम आहे. आवाज वाढला की तो कानांवर हात दाबून गोल गोल फिरायला लागतो.

पण त्याच्याहून जास्त काळजी मला त्याच्या बारा वर्षांच्या ताईची होती. गावात पाय ठेवल्यापासून जो तो तिला म्हणे, "पोर गह्यरी समजदार शे." कौतुकच ते. पण समजदार पोरीला रुसायची सोय नसते, हे मला मँचेस्टरला गेल्यावर उमगलं.

तिथे अशा मुलांच्या भावंडांचा एक गट भरतो. खेळ, खाणं आणि अधूनमधून गप्पा. अमेरिकेत सिएटलच्या डॉन मेयर यांनी साधारण आठ ते तेरा वर्षांच्या भावंडांसाठी 'सिबशॉप' सुरू केले, म्हणजे असेच भावंडांचे गट, त्याच धर्तीचं हे. पहिल्याच दिवशी परत येताना ताई बसमध्ये म्हणाली, "आई, तिथे एक मुलगी म्हणाली की तिला भावाचा राग येतो. तिला कोणीच ओरडलं नाही गं." मी खिडकीबाहेर बघत बसले. आमच्या घरात हे वाक्य बोलायला जागाच नव्हती.

आणखी एक गोष्ट तिथे शिकले. काही सिनेमागृहांत ऑटिझम असलेल्या मुलांसाठी सिनेमाचे वेगळे खेळ असतात. दिवे पूर्ण मालवत नाहीत, आवाज कमी ठेवतात, मुलं उठून फिरली तरी कोणी वळून बघत नाही. मुलाला बदलण्याआधी ते जागा बदलतात. आम्ही अशा खेळाला गेलो, त्या दिवशी ताईने पहिल्यांदा सोनूकडे न बघता आख्खा सिनेमा बघितला.

मग शेतातही तेच केलं. आदल्या रात्री सोनूला फोटो ओळीने दाखवले: वांगी, आग, सोलणं, ठेचणं, जेवण, घर. चुलीपासून लांब निंबाखाली सासऱ्यांनी बाज टाकून दिली. आवाज अडवणारे हेडफोन होतेच. त्याचं काम होतं हिरवी वांगी लहान-मोठी लावायची. बेचाळीस वांग्यांची सरळ रेघ केली त्याने! आम्ही दोघा नवरा-बायकोंनी तासातासाची पाळी लावली आणि सगळ्यांना सांगून ठेवलं, आज ताईला कोणीही "भाऊकडे बघ" म्हणायचं नाही.

ती काकांबरोबर पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, पेटवायला गेली. वांगी उलटीपालटी करताना बोटं काळी, नाक काळं.

भाजायला वांगी उचलली तशी सोनूची रेघ मोडली आणि तो किंचाळला. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. फोटो दाखवले, पण त्याची रेघ मोडणार हे सांगायचं राहिलं. सगळ्यांच्या नजरा ताईकडे गेल्या. तीही सवयीने उठली. काकू म्हणाल्या, "तू बस माय, त्याना बाप शे ना."

नवरा सोनूला घेऊन बांधावर गेला. दोन वांगी तेवढी हातात राहू दिली, तसा तो हळूहळू शांत झाला.

ताई क्षणभर उभीच राहिली. मग खाली बसली, मुसळी ओढून घेतली आणि मिरची-लसूण ठेचायला लागली, चांगली जोरजोरात.