पाणी तेच, फक्त मासा नाही

घरगुती रीफ टँकची, म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाक्यांची देखभाल हे माझं काम. ‘कोरल मिटलंय, जरा पाणी तपासून जा’ असे फोन नेहमीचेच. या काकांचाही तसाच आला. चारशे लिटरचा जुना, मुरलेला टँक, आणि वाळूवर ठेवलेलं त्यांचं लाडकं ओपन ब्रेन कोरल काही केल्या उघडत नव्हतं.

हे कोरल दिवसा पाणी भरून असं फुगतं की खालचा सांगाडा दिसतही नाही. मी पाहिलं तेव्हा मांस सांगाड्याला चिकटलं होतं आणि वळणावळणाच्या पांढऱ्या कडा वर आल्या होत्या. पाणी तपासलं. खारटपणा ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), अल्कलिनिटी ८.३, कॅल्शियम ४२०, तापमान २५ अंश. नाव ठेवायला जागा नाही. शेजारची लेदर कोरल मजेत डोलत होती, ॲक्रोपोरा या नाजूक कोरलचे पॉलिपही, म्हणजे त्याचे बारीक जीवही, बाहेर होते. पाणी बिघडलं असतं तर पहिली तक्रार ॲक्रोपोराने केली असती.

टॉर्च धरून जवळून पाहिलं तर मांसाच्या उंचवट्यांवर बारीक, फिकट ठिपके. टोचल्यासारखे. असे ठिपके दिसले की माझी नजर माशांकडे जाते, आणि या टँकमध्ये फ्लेम एंजल नावाचा एक छोटा मासा होता. शेंदरी-लाल अंग, त्यावर काळे उभे पट्टे, मागच्या परांना निळी किनार. घरात येणारा प्रत्येकजण आधी त्याच्याकडेच बघतो.

‘तो नाही रे, तो फक्त खडक टिपतो,’ काका म्हणाले. त्यांनी पाहिलं होतं ते खरंच होतं. पण माणूस समोर बसला की मासे खाण्याच्या आशेने काचेशी येतात, त्यांचा नेहमीचा फेरा मोडतो. मी मोबाइल स्टँडवर लावून व्हिडिओ चालू केला आणि आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत जाऊन बसलो.

व्हिडिओत फेरा स्पष्ट दिसला. डाव्या खडकाची कपार, मागची काच, उजवा खडक, आणि खाली येताना ब्रेन कोरलवर एक टोच. पुढच्या फेरीत पुन्हा एक. प्रत्येक वेळी मांस आक्रसायचं आणि जरा सैल होतंय तोवर मासा परत हजर. काका बराच वेळ काही बोलले नाहीत.

फ्लेम एंजलचं मुख्य खाणं म्हणजे खडकावरचं शेवाळ आणि गाळ. पण मांसल कोरलवरचा चिकट स्राव एखाद्याला आवडतो आणि चटक लागते. त्याच जातीचा दुसरा मासा वर्षानुवर्षं ढुंकूनही बघत नाही. म्हणून ‘रीफ-सेफ (कोरलला सुरक्षित) आहे का?’ या प्रश्नाला मी हो-नाही असं उत्तर देत नाही. समुद्रात असं तोंड मारणं खपून जातं, कारण तिथे ते कितीतरी कोरलांवर वाटलं जातं. इथे सगळे टोचे एकट्याच्या वाट्याला. आणि दिवसभर मिटून राहिलेल्या कोरलच्या मांसातल्या, त्याला अन्न पुरवणाऱ्या शैवालाला पुरेसा उजेड मिळत नाही, म्हणजे टोच किरकोळ असली तरी उपासमार खरी.

‘मग पकड त्याला,’ काका म्हणाले. मी थांबवलं. एंजलच्या गालावर काटा असतो, तो जाळीत अडकतो. पकडायचाच तर पारदर्शक डब्याचा ट्रॅप लावून, सावकाश. शिवाय तो कपारीत शिरला की सगळा खडक उपसावा लागतो आणि त्यावरची चांगली कोरल मोडतात. ब्रेन कोरल मात्र वाळूवर नुसतं ठेवलेलं असतं. ते हलवणं किती सोपं!

काकांचा एक छोटा फ्रॅग टँक (कोरलचे तुकडे वाढवायची टाकी) त्याच सम्पला, म्हणजे खालच्या गाळणीच्या टाकीला जोडलेला होता, त्यात मासे नव्हते. कोरल पाण्याखालीच खालून हात घालून, मांसाला बोट न लावता, एका वाडग्यात घेतलं आणि तिकडे वाळूवर ठेवलं, दिवा मंद करून. पाणी तेच, खारटपणा तोच, फक्त मासा नाही. आता उघडलं तर पाण्यावर शंका घ्यायला जागाच उरणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांचा फोटो आला. पांढऱ्या कडा झाकल्या होत्या, हिरव्या मांसाला लाल किनार दिसत होती. आठवडाभरात ते पूर्ण फुगलं आणि रात्री शुंडकं बाहेर काढून मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) खाऊ लागलं.

एंजल मोठ्या टँकमध्येच आहे. दिवसातून एकदा भरपूर घालण्याऐवजी थोडं थोडं तीन-चारदा, स्पंज असलेलं एंजलांचं फ्रोझन खाणं, आणि क्लिपला नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) कायम, असं ठरवून दिलंय. लेदर आणि ॲक्रोपोराला त्याने अजून तोंड लावलेलं नाही. काकांना आता ट्रायडॅक्ना (महाकाय शिंपल्यांच्या कुळातला) शिंपला हवाय. तो मासा आहे तोवर त्या टँकमध्ये मी शिंपला ठेवणार नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलंय. शिंपल्याचं मांसही तसंच उघडं आणि रसाळ असतं.