थोड्याशा मदतीनं

मंगळवार, रात्री उशिरा

झोप उडालीय. कॅथलीन फोलबिगच्या खटल्याचं पुन्हा वाचत बसले होते, तो उद्योग अंगाशी आला.

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सची बाई. १९८९ ते १९९९ या दहा वर्षांत तिची चारही मुलं एकेक करून गेली. पहिला मुलगा १९ दिवसांचा होता, शेवटची मुलगी दीड वर्षाची. २००३ मध्ये तिघांचा खून आणि थोरल्याचा सदोष मनुष्यवध तिच्यावर शाबीत झाला. शिक्षा ४० वर्षं, अपिलात ३० झाली. गळा-तोंड दाबल्याची ठोस खूण एकाही मुलाच्या अंगावर नव्हती. पण एकाच घरात चार मुलं आपोआप मरतात होय, हा प्रश्न होता. आणि तिची डायरी होती.

(ब्रिटनमध्ये सॅली क्लार्कला असाच हिशेब मांडून आत टाकलं होतं. एका घरात दोन बाळं अशी अचानक जाण्याची शक्यता म्हणे ७ कोटी ३० लाखांत एक. तो हिशेबच चुकीचा होता, आणि दडवलेले वैद्यकीय अहवालही पुढे आले, तेव्हा ती जानेवारी २००३ मध्ये सुटली. कॅथलीनचा निकाल त्याच वर्षी मे महिन्यात.)

कॅथलीन घर सोडून गेल्यावर तिची डायरी नवऱ्याच्या हाती लागली, त्यानं पोलिसांना दिली. एका पानावर होतं: आपण मुलीशी चिडून, कधी दुष्टपणानं वागायचो आणि ती गेली. थोड्याशा मदतीनं. कुणाच्या मदतीनं? पुढे तिनं सांगितलं, देवाच्या, किंवा वर जी काही शक्ती असेल तिच्या. पण मूळ खटल्यात तिनं साक्षच दिली नव्हती. तिच्या वतीनं वहीच बोलली, आणि वहीला उलटतपासणीत खुलासा कुठून करता येणार.

हे वाचून उठले आणि कपाटातली माझी जुनी वही काढली. बाबा गेले त्या आठवड्याचं पान. 'मी मारलं त्यांना.' तीन शब्द. 'मारलं'खाली दोनदा रेघ, दुसऱ्या रेघेला कागद फाटलाय. झालं होतं काय, तर रात्रीची गोळी द्यायला तासभर उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले होते, त्यानं काही फरक पडला नसता. ते मात्र मी कुठल्याच पानावर लिहिलेलं नाही. शोधलं. नाही.

कॅथलीनला सोडवलं ते जनुकांनी. शास्त्रज्ञ कारोला विनुएसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना कॅल्म-२ नावाच्या जनुकात बदल सापडला. आईकडून दोन्ही मुलींत आलेला, हृदयाचे ठोके बिघडवून अचानक जीव घेऊ शकेल असा. मुलग्यांत वेगळ्याच जनुकात बदल होते, आणि धाकट्या मुलाला तर फिट्स येतच होत्या. तरी २०१९ च्या चौकशीनं तिला दोषीच ठरवलं, त्यातही भर डायरीवरच. मग २०२१ मध्ये ९० शास्त्रज्ञ आणि डॉक्टरांनी माफीसाठी अर्ज केला, दुसरी चौकशी बसली. ५ जून २०२३ ला माफी, डिसेंबरमध्ये दोषी ठरवणारा निकालही रद्द. तोवर २० वर्षं आत काढून झाली होती. २०२५ मध्ये सरकारनं २० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर देऊ केले. वर्षाला एक लाख पडले.

दुसऱ्या चौकशीत मानसतज्ज्ञांनी तीच पानं वाचली. त्यांना त्यात स्वतःलाच दोष देत बसलेली, मुलं गमावलेली आई दिसली. अक्षर तेच, वाक्यं तीच. मी ज्युरीत असते तर? चार मुलं आणि वर ते वाक्य. मीही हात वर केला असता, खोटं कशाला बोलू.

बाबांच्या पानाखाली आज लिहिणार होते, 'असं झालं नव्हतं.' पेनाचं टोपणही काढलं होतं. पण वीस वर्षांनी घातलेली ती ओळ तिसऱ्या कुणी वाचली, तर काय म्हणेल?

वही परत कपाटात, साड्यांच्या खाली. दोन वाजत आलेत.