नाव सांगायला शिकले, पण आधी ते फॉर्मवर बसवावं लागलं

इंग्रजी बोलायचा क्लास लावायचं कारण साधं होतं. पुण्यात कर्वेनगरला माझं घरगुती डब्यांचं काम आहे. पूर्वी डबे आसपासच जायचे, आता बावधन-बाणेरच्या सोसायट्यांमधून फोन येतात आणि त्यातली निम्मी माणसं परप्रांतातली. समोरून ‘हू इज धिस?’ आलं की मी फोन मुलाच्या हातात द्यायचे. मुलगा हिंजवडीत नोकरीला लागला, मग फोन द्यायचा कुणाला? म्हणून अप्पा बळवंत चौकाजवळचा एक क्लास गाठला. नाव लिहीत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कुणी भांडायला यायला नको. अगदी पहिली पायरी, दुपारची बॅच, शेवटी एक बाहेरची परीक्षा आणि सर्टिफिकेट.

फी, पुस्तक, वेळ सगळं पटापट झालं. अडलं ते नावावर.

फॉर्म मी स्वतःच्या हाताने भरला होता. फर्स्ट नेम मंगल, मिडल नेम विठ्ठल, लास्ट नेम मोरे. सोबत आधारची झेरॉक्स आणि शिक्षणाचा पुरावा म्हणून दहावीचं मार्कशीट. काउंटरवरच्या मुलाने कॉम्प्युटरवर नाव चढवलं ते फॉर्मवरून नाही, मार्कशीटवरून, कारण ते छापील. आता आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, आणि दहावी झाली तेव्हा माझं लग्न झालेलं नव्हतं. त्यामुळे पहिल्या चौकटीत शिंदे, मधल्या चौकटीत मंगल आणि शेवटच्या चौकटीत ज्ञानोबा. म्हणजे क्लासच्या लेखी माझं नाव शिंदे आणि आडनाव ज्ञानोबा!

पहिल्या दिवशी मॅडमनी हजेरी घेतली. ‘शिंदे?’ मी गप्प. ‘शिंदे ज्ञानोबा?’ तेव्हा मान वर गेली. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, त्यांचं नाव असं कुणी मोठ्याने घेतलं की दचकायला होतंच. मॅडम भल्या होत्या. म्हणाल्या, ‘काउंटरवर सांगा, करून देतील.’

काउंटरवर सांगितलं. ‘करतो काकू.’ पुन्हा सांगितलं. ‘काकू, सिस्टीम घेत नाहीये.’ मग, ‘हेड ऑफिसला मेल टाकलाय.’ मेल कधी टाकला विचारलं तर उत्तर, ‘टाकतो ना.’ मी एक वाजता डब्यांचं आवरून, स्कूटर कुठे तरी कोंबून तिथे पोचायचे आणि तो माझ्याकडे न बघता रसिदा फाडत बसायचा. (स्कूटरचं आत्ताच सांगून टाकते. चौकात जागा शोधत फिरू नका, मंडईच्या वाहनतळात लावा आणि चालत या. गाडी उचलून नेली तर त्या दिवसाचा नफा गेला.)

वर्गात मात्र मजा होती. पहिला धडाच नावाचा. ‘मायसेल्फ मंगल’ म्हणायचं नाही, हे मॅडमनी फळ्यावर लिहून वर फुली मारली. आपल्याकडे मुलाखतीला गेलेली शिकली-सवरलेली मुलंसुद्धा तसंच म्हणतात, पण इंग्रजीत ते बसत नाही. ‘माय नेम इज मंगल’ किंवा नुसतं ‘आय ॲम मंगल’. ‘व्हॉट इज युअर गुड नेम’ हेही आपल्याकडचंच, शुभनामावरून आलेलं. तिकडचा माणूस मनात म्हणेल, मग वाईट नाव कोणतं? मिस्टर, मिसेस हे आडनावाला लावायचं, नावाला नाही. मिस्टर मोरे बरोबर, मिस्टर विठ्ठल चूक. बाईचं लग्न झालंय की नाही हे ठाऊक नसेल, किंवा मुद्दाम सांगायचं नसेल, तर ‘मिझ’ म्हणून मोकळं व्हायचं. ते मला फार आवडलं.

आमच्या बॅचला कसब्यातल्या एक आजी होत्या, नातवाशी बोलता यावं म्हणून आलेल्या. मॅडमनी त्यांना विचारलं, ‘व्हॉट इज युअर हजबंड्स नेम?’ आजींना प्रश्न कळला. पण उत्तर येईना. पदर सारखा केला, चष्मा काढला, पुसला, परत घातला. आम्ही वाट बघतोय. मग एका दमात म्हणाल्या, ‘एबीसी शिकायला आले अप्पा बळवंत चौकात, दत्तात्रयरावांचं नाव घेते इंग्रजीच्या धाकात.’ वर्ग हसून हसून लोळला. मॅडमनी टाळ्या वाजवल्या आणि मग म्हणाल्या, ‘नाऊ इन इंग्लिश.’ आजींनी ‘हिज नेम इज’पर्यंत गाडी आणली आणि पुढचं नाव माझ्या कानात सांगितलं.

परीक्षा जवळ आली आणि हॉल तिकीट हातात पडलं. त्यावर तेच, शिंदे मंगल ज्ञानोबा. आधार कार्डावर मंगल विठ्ठल मोरे. आता मात्र माझं डोकं फिरलं. काउंटरवर गेले तर तो मुलगा थंडपणे म्हणतो, ‘काकू, दोन नावं आहेत ना तुमची, मग गॅझेट करून आणा.’ लग्नानंतर बदललेलं नाव सरकारी राजपत्रात छापून आणायचं, तेसुद्धा डब्याच्या ऑर्डरी घेण्यापुरतं इंग्रजी शिकायला! बरं, मॅरेज सर्टिफिकेट चालेल का विचारलं तर म्हणे तेही लागेल. जोडीला, ॲफिडेव्हिट. शेजारी रांगेत उभा असलेला एक मुलगा मला हळूच म्हणाला की त्याच्याही आडनावाचं स्पेलिंग चुकलंय, पण त्याने नाद सोडलाय.

आणि मग काउंटरवाल्याने कहर केला. ‘काकू, तोंडी परीक्षेत नाव विचारलं तर शिंदे सांगा ना. काय फरक पडतो?’

अख्खा महिना मी एकच वाक्य घोटत होते. पोळ्या लाटताना, लिफ्टमध्ये, सिग्नलला. माय नेम इज मंगल मोरे. आणि परीक्षेत पहिलाच प्रश्न येणार तो नावाचा, त्यालाच खोटं उत्तर द्यायचं? मी त्याला म्हटलं, ‘अरे बाळा, मी माझं नाव सांगायला शिकायला आले, दुसऱ्याचं नाही.’ आणि समोरच्या बाकावर बसले. डबा संध्याकाळचा होता, वेळ होता.

बसल्या बसल्या हॉल तिकीट उलटं केलं. मागे बारीक इंग्रजीत नियम. एरवी मी ते वाचलेच नसते. पण आता बोट ठेवून एकेक शब्द लावत गेले. वेळेचा नियम, मोबाईलचा नियम, आणि मधेच एक ओळ, ‘नेम मस्ट बी ॲज पर फोटो आयडी’. मार्कशीटचा उल्लेख कुठेच नव्हता. गॅझेट तर नाहीच नाही. फोटो आयडी म्हणजे माझं आधार, आणि त्यावर मोरे.

मी उठून ती ओळ त्याला मोठ्याने वाचून दाखवली. उच्चार कसे होते देव जाणे, पण आतल्या केबिनमधून सर बाहेर आले. माझा मूळ फॉर्म काढा म्हटलं. तो फाइलीत होताच, माझ्या अक्षरातला, तिन्ही चौकटी बरोबर भरलेल्या. सरांनी फॉर्म बघितला, स्क्रीन बघितली, त्या मुलाकडे बघितलं. हेड ऑफिसला एक फोन गेला. इतके दिवस जे सिस्टीम घेत नव्हती ते तिने चहा यायच्या आत घेतलं. कुणी सॉरी म्हटलं नाही. चहा मात्र दिला. रांगेतल्या त्या मुलालाही मी हाक मारून पुढे घातलं आणि त्याचंही स्पेलिंग सरळ करून घेतलं.

परीक्षा काहीच नव्हती. नाव, गाव, घरात कोण कोण, काम काय. पास झाले.

आता कुणी असा क्लास लावणार असेल तर जे आठवतंय ते सांगते. फॉर्म भरलात की द्यायच्या आधी मोबाईलवर त्याचा फोटो काढा. माझा फॉर्म फाइलीत सापडला हे नशीब. नाव चढवतात तेव्हा स्क्रीन आपल्याकडे वळवायला सांगा, लाजू नका. फर्स्ट नेम म्हणजे कागदावर पहिलं छापलेलं नाही, आपलं स्वतःचं. पासपोर्टला तर दोनच चौकटी असतात, सरनेम आणि गिव्हन नेम. तिथे आपल्याकडचे बरेच जण नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव गिव्हन नेममध्ये टाकतात आणि मग परदेशात बाईला मंगल विठ्ठल अशी हाक बसते. आधारवर नाव चुकलेलं असेल तर दुरुस्ती नीट विचार करून करा, नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. आणि ज्यांच्या घरी १ मे २०२४ किंवा त्यानंतर बाळ झालंय त्यांनी आत्ताच कंबर कसावी. आपल्या राज्यात आता मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम आहे. चार नावं, आणि फॉर्मला चौकटी तीन. माझ्या भाचीची लेक इंग्रजी क्लासच्या काउंटरवर जाईल तेव्हा तिथे कोण बसलेला असेल कुणास ठाऊक.

फोनवर नाव सांगायचं तर स्पेलिंग सांगायची तयारी ठेवा. एम आणि एन फोनवर सारखेच ऐकू येतात. मॅडमनी एम फॉर माइक, ओ फॉर ऑस्कर अशी वैमानिकांची अक्षरं दिली होती. मी एम फॉर मुंबई म्हणते, सगळ्यांना कळतं. समोरच्याचं नाव नीट ऐकू आलं नाही तर ‘काय?’ असं न खेकसता ‘सॉरी, आय डिडन्ट कॅच युअर नेम’. हे पाठच करा. पहिल्या भेटीत ‘नाइस टू मीट यू’, नंतर ‘नाइस टू सी यू’. रोज डबा घेणाऱ्याला रोज मीट म्हणत राहिलात तर तो गोंधळेल.

माझ्या आडनावाची मात्र वेगळीच गंमत आहे. इंग्रजीत लिहिलेलं मोरे वाचून बाहेरची मंडळी मला मिसेस मोअर म्हणतात. एकाने तर डब्यात भाजी जास्त मिळेल का म्हणून विनोदही केला. मी तोडून सांगते, मो-रे. तरीही मोअरच म्हणाला, तर मी त्याचं जीपे बघते. महिन्याच्या पाच तारखेच्या आत पैसे येत असतील तर मोअरही चालतं.