पडदा आडवा की उभा?

आज फोंड्याला मित्राकडे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा, म्हणजे पात्रं घेऊन फाशांवर गोष्ट रंगवायच्या खेळाचा, डाव झाला. खेळ चालवणारा आपले फासे आणि टिपणं झाकायला समोर घडीचा पडदा मांडतो; मी पहिल्यांदा आडव्या पानांच्या पडद्यामागे बसलो. उभ्या पानांचा पडदा उंच असतो, मागे बसलं की तिकीट खिडकीतल्या माणसासारखं वाटतं. हा बुटका. फासे झाकले जातात, सगळ्यांचे चेहरे दिसतात.

पण खरं बघायचं ते आतल्या बाजूला काय छापलंय ते. फाशाची बेरीज किती हवी (सोपं काम 10, मध्यम 15, कठीण 20) हे आकडे पाठच होतात, त्यांना जागा कशाला? मला हव्यात कंडिशन्स, म्हणजे पात्राची अवस्था बिघडली की लागणारे नियम. आमचा चोर कोळ्याच्या जाळ्यात अडकला, म्हणजे 'रिस्ट्रेन्ड' (जखडलेला). वेग शून्य, त्याच्यावरच्या हल्ल्यांना ॲडव्हान्टेज (दोनदा फासा टाकून मोठा आकडा घ्यायचा), त्याच्या हल्ल्यांना डिसॲडव्हान्टेज (दोनांतला लहान), डेक्स्टेरिटी सेव्हलाही, म्हणजे चपळाईने वाचायच्या फाशालाही, डिसॲडव्हान्टेजच. ऐन लढाईत पुस्तक कोण चाळणार?

बाहेरच्या बाजूला छापलेला ड्रॅगन कितीही देखणा असो, तो मला दिसतच नाही!

आणि आपल्या पावसाळ्यात पुठ्ठा फुगतो, म्हणून प्लास्टिकच्या खिशांचाच घ्या. कागद बदलता येतात. कंडिशन्सचं पान मोठ्या अक्षरांत काढून घेतलं, तर झेरॉक्सवाला म्हणतो, "कसली परीक्षा रे?"

म्हापसा-पणजीकडे कोणाकडे असा खिशांचा पडदा पडून असेल तर कळवा. हा मित्राचा आहे, परत द्यायचाय.