केमन अपडेट: सहा नंबर, या वेळी खालून

मंडळी, माझ्या पोर्शे केमनच्या इंजिनाचा संप (खालची तेलाची टाकी) उघडला. सहाव्या सिलेंडरला रेघा आहेत. चार आणि पाच स्वच्छ.

मागचं सगळं परत उगाळत नाही. २००७ ची केमन एस, एम९७ इंजिन, ३.४ लिटर, थंडीत सकाळी टकटक, आणि डॅशवरचे तेलाची पातळी दाखवणारे पट्टे हळूहळू खाली. मुंबईच्या स्पेशालिस्टनी 'बोअर स्कोअरिंग (सिलेंडरच्या भिंतीवर ओरखडे) आहे, इंजिन बांधा' म्हणत गाडीच्या निम्म्या किमतीचं कोटेशन हातात ठेवलं होतं. पुण्याच्या दुसऱ्यांनी पाच मिनिटं आवाज ऐकला आणि 'पोर्शे अशीच वाजते, चालवा बिनधास्त' असा आशीर्वाद दिला. संप दोघांनीही उघडला नव्हता. माझी तक्रार एवढीच आहे, आणि आता मुंबईवाले बरोबर निघाले तरी ती तशीच आहे.

कारण त्यांनी पुरावा म्हणून पाठवलेला फोटो. त्यात बोअरमधल्या एका काळ्या रेघेभोवती लाल गोल केला होता. ती रेघ मलाही स्पार्क प्लगच्या भोकातून कॅमेरा घातल्यावर दिसली. मागची चाकं काढून, खालून हात घालून सगळे प्लग उतरवले. केबिनकडचे प्लग म्हणजे शिक्षा आहे, पण वॉबल एक्स्टेन्शनने एकही न मोडता निघाले, त्या दिवशी साबुदाणा वडा स्वतःलाच बक्षीस. मग वायरच्या टोकाला मऊ कापड घट्ट बांधून आत फिरवलं आणि परत कॅमेरा घातला. रेघ गायब! तेलाचा ओघळ होता. म्हणजे निदान बरोबर, पुरावा साफ चुकीचा. अशा माणसाला इंजिन खोलायला द्यायचं का, हे तुम्हीच ठरवा.

आता मुद्द्याचं. प्लगच्या भोकातून पिस्टन बीडीसीला (क्रँककडच्या टोकाला) नेऊन पाहिलं तर बोअरचा वरचा भाग छान दिसतो. पण पिस्टनचा स्कर्ट (खालचा घेर) घासतो तो खाली, क्रँकच्या बाजूला, आणि तिथपर्यंत वरून नजर पोचतच नाही. कॉम्प्रेशन आणि लीकडाउन (सिलेंडर दाब किती धरतो हे बघणाऱ्या चाचण्या) दोन्ही उत्तम आले होते, त्यावर मीही खूश होतो. पण पिस्टनच्या रिंगा सील धरून असतील तर स्कोअरिंग असूनही हे आकडे बऱ्याचदा चांगलेच येतात. त्यामुळे 'कॉम्प्रेशन बघितलं, इंजिन मस्त आहे' असं सांगून गाडी विकणाऱ्याला नमस्कार करून निघून यायचं.

खालून बघायचं म्हणजे आधी पोटाखालच्या ॲल्युमिनियमच्या ब्रेस प्लेट काढायच्या, तेल सोडायचं, मग संपचे छोटे बोल्ट. जुना सीलंट चिकटून बसतो. स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटू नका, मऊ ॲल्युमिनियमचा काठ कायमचा जातो. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी, धीराने. (पाने आपल्या सातपूरच्या तपारियाचेच, तक्रार नाही. पण संपचे बोल्ट परत लावताना १० न्यूटन-मीटरला मोठा टॉर्क रेंच वापरू नका, छोटा वेगळा घ्या.) संप खाली आला की क्रँक हाताने फिरवून एकेक पिस्टन टीडीसीला (क्रँकपासून लांबच्या टोकाला) न्यायचा आणि क्रँकच्या बाजूने कॅमेरा वर घालायचा.

चौथा: राखाडी, मॅट, एकसारखा. पाचवा: तसाच. सहाव्यात कॅमेऱ्याचा दिवा तिरका पडला आणि ओल्या सिमेंटवरून खराटा ओढावा तशा उभ्या रेघा दिसल्या. जेमतेम दोन बोटं रुंदीचा पट्टा, स्कर्ट जिथपर्यंत येतो तिथे संपलेला. पुसल्या जाणाऱ्या नाहीत या. पिस्टनच्या स्कर्टवरचं कोटिंग सुटलं की ॲल्युमिनियम थेट लोकासिलच्या (सिलिकॉन मिसळलेल्या ॲल्युमिनियमच्या) भिंतीवर घासतं, मग त्यातले सिलिकॉनचे कण सुटतात आणि तेच पॉलिश पेपरचं काम करतात. या इंजिनांत दुसरी बँक (चार ते सहा सिलेंडरांची रांग) आधी जाते आणि त्यातही सहावा बदनाम, तेव्हा धक्का बसला असं म्हणणार नाही. वाईट मात्र वाटलं.

मग ऑइल फिल्टरचा कागद उलगडून वर्तमानपत्रावर पसरला आणि खालून चुंबक फिरवलं. काही चमकदार कण ढिम्म हलले नाहीत, म्हणजे लोखंड नव्हे. दोन-चार तपकिरी तुकडे प्लॅस्टिकचे, टायमिंग चेनच्या गाइडचे असावेत. तेही आता यादीत.

तेलाच्या लॅब रिपोर्टवर मागच्या वेळी बरीच चर्चा झाली होती. सिलिकॉन जास्त, लॅबचा शेरा 'एअर फिल्टर तपासा'. सिंहस्थाच्या कामांसाठी अख्खं नाशिक खोदून ठेवलंय, धूळ असणारच, असं मीही म्हणालो होतो. पण एअर बॉक्समध्ये फिल्टरच्या इंजिनकडच्या बाजूला पांढरा रुमाल फिरवला तर स्वच्छ निघाला. सोबत ॲल्युमिनियमही वाढलेलं होतं. दोन्ही एकत्र वाढलेले दिसले तर रस्त्याला दोष देण्याआधी बोअर बघा.

आता पुढे काय? सातपूरला ब्लॉक बोअरिंगवाल्या काकांना फोटो दाखवले. 'आणा, लोखंडी लायनर टाकून देतो, आठवड्याचं काम.' माणूस प्रामाणिक आहे, हातही चांगला. पण हा ओपन डेक (सिलेंडरांची वरची टोकं भोवती मोकळी) ॲल्युमिनियम ब्लॉक. लोखंड आणि ॲल्युमिनियम तापल्यावर सारखं फुगत नाही, आणि ट्रॅक्टरच्या ब्लॉकवरचा अनुभव इथे पुरेल का याची मला खात्री नाही. अमेरिकेतल्या एलएन इंजिनिअरिंगचे निकासिल (निकेलचा कठीण मुलामा असलेले) सिलेंडर किंवा इंग्लंडच्या हार्टेकचं काम, हे खरे पर्याय; भाडं आणि कस्टम्स धरून आकडा काढतोय. इंजिनची केस उघडलीच तर आयएमएस (इंटरमीडिएट शाफ्ट) बेअरिंगही बदलणार, एम९७ चं मोठं बेअरिंग केस न फोडता निघत नाही.

इतकं लिहून झालं आणि शेजारचे काका डोकावले. मायकोत (आताच्या बॉशमध्ये) डिझेल नोझलवर आयुष्य काढलेला माणूस. फोटो बघून पहिला प्रश्न: 'इंजेक्टर तपासलास?' सहाचा इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा) गळत असेल तर पेट्रोल भिंतीवरचं तेल धुऊन टाकतं आणि थंड इंजिनात पिस्टन कोरडा घासतो. बोअर नवा केला आणि इंजेक्टर जुनाच ठेवला तर पैसे पाण्यात. दोन स्पेशालिस्टांपैकी एकानेही 'का' हे विचारलं नव्हतं, काकांनी चहा संपायच्या आत विचारलं.

तेव्हा कोटेशनं थांबवली. रविवारी फ्युएल रेल (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणारी नळी) उतरवून, प्रेशर धरून, प्रत्येक इंजेक्टरखाली काचेची बाटली ठेवून बघणार. मोकळ्या अंगणात आणि अग्निशामक हाताशी ठेवून. सहा नंबर गळला तर सगळे सहा बदलायचे. नाही गळला तर कमी तापमानाला उघडणारा थर्मोस्टॅट आणि कूलंटचा रस्ता तपासायला घेईन. तोवर संप उघडाच आहे, आणखी कुठला कोन बघायचा असेल तर शनिवारपर्यंत सांगा. आणि रेलच्या ओ-रिंगांचा पूर्ण संच कुणाकडे पडून असेल तर मला हवाय. मूळ पार्ट नंबरचेच हवेत, डब्यातून निवडलेले नकोत.