तीन फावड्यांचं लोम

ओस्लोहून निघालेली बस गुडब्रान्सडाल खोऱ्यातून चढत ओट्टा मागे टाकते, तिथून तासाभरात लोम. मी निघालो होतो गाल्डहोपिग्गेनसाठी. २४६९ मीटर उंचीचं हे नॉर्वेतलं सर्वोच्च शिखर लोमच्याच हद्दीत येतं. हद्द आपल्या तालुक्याएवढी, १९०० चौरस किलोमीटरच्या वर. माणसं मात्र अडीच हजारांच्या आत.

पण पहिल्याच दिवशी मला थांबवलं ते लोमच्या मानचिन्हानं. निळ्या पटावर तीन रुपेरी फावडी! ही माती ओढायची नव्हेत, पाटातलं पाणी उडवून पिकावर टाकायची लाकडी फावडी.

मी माण तालुक्यातला. दुष्काळ म्हणजे काय, ते मला सांगावं लागत नाही. तरी नॉर्वेत पाण्याची ओढ असेल असं स्वप्नातही आलं नव्हतं. पश्चिम किनाऱ्यावरच्या बर्गनला वर्षाला २२०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, लोमला जेमतेम ३०० च्या आसपास. म्हणजे आमच्या माणपेक्षाही कमी! कारणही आमचंच. अटलांटिकवरून येणारे ढग पश्चिमेच्या डोंगरांवर रिते होतात आणि पलीकडच्या खोऱ्याच्या वाट्याला नुसता वारा येतो. इथल्या शेतकऱ्यांनी मध्ययुगापासून डोंगरातले ओढे आणि वितळणारं बर्फ पाटांनी, कुठे लाकडी पन्हळींनी, शेतापर्यंत उतरवलं. उतारावर अशा जुन्या पाटाची रेघ दिसली तेव्हा मी बराच वेळ तिच्या कडेनं चालत राहिलो.

गावातलं लाकडी चर्च बाराव्या शतकातलं. सतराव्या शतकात वाढवून त्याला क्रुसाचा आकार दिला. डांबर फासलेल्या काळ्या भिंती, छपरावर ड्रॅगनची तोंडं. शेजारून बोव्रा नदी खडकांवर आदळत जाते. एवढं पाणी डोळ्यांसमोरून वाहतंय आणि वरची शेतं कोरडी, हे दुःख मला ओळखीचं वाटलं.

लेंडब्रेन या डोंगरावरच्या हिमपट्ट्याचा बर्फही इथलाच. तो वितळू लागला तशी जुनी घाटवाट उघडी पडली. २०११ मध्ये तिथे लोकरीचा अंगरखा सापडला, सुमारे १७०० वर्षांपूर्वीचा. वाट साधारण इसवी सन ३०० पासून वापरात होती. हजारच्या सुमारास वर्दळ सर्वाधिक, मग हळूहळू ती विसरली गेली. त्या वाटेनं घोडे आणि माणसं उन्हाळी कुरणांकडे जात. एवढं जपून ठेवणारा बर्फच आता आटतोय, याची मला खरोखर भीती वाटते.

शिखरावर दुसऱ्या दिवशी गेलो. ढग होते, फार काही दिसलं नाही.

संध्याकाळी हिरव्यागार शेतात तुषार सिंचन चालू होतं. मी आबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि विचारलं, "दारं कोण धरतंय रं?"

"कोणी नाही आबा, आता तुषार आहेत. पूर्वी लाकडी फावड्यानं पाणी उडवायचे."

"फावड्यानं? कसलं फावडं, दाव की."

मी त्यांना मानचिन्हाचा फोटो पाठवला.