आंबोळगडच्या कातळावर मीडियम वेव्ह

कोकण किनाऱ्यावरच्या आंबोळगडला लोक गगनगिरी महाराजांच्या आश्रमासाठी येतात, नाहीतर नाटे गावचा यशवंतगड बघून पुढे किनाऱ्यावर तासभर टेकतात. मी गेलो होतो रेडिओवर लांबची केंद्रं ऐकायला. हे सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, “का, मोबाइलवर येत नाही?” येतं की. मोबाइलवर जगभरची केंद्रं येतात आणि दर वेळी तितकीच स्वच्छ येतात, म्हणून तर त्यात शोधायला काही उरत नाही.

नकाशावर आंबोळगडाहून पट्टी लावून पाहा. मस्कत साधारण १७०० किलोमीटर. कोलकाताही जवळपास तेवढंच. पण कोलकात्याच्या वाटेत सह्याद्री, दख्खनचा बसाल्ट आणि निम्मा देश आडवा येतो. मस्कतच्या वाटेत नुसतं खारं पाणी. मीडियम वेव्हला, म्हणजे रेडिओच्या जुन्या एएम बँडच्या लहरींना, हे पाणी फार मानवतं, कारण समुद्राची विद्युतवाहकता कोरड्या खडकाळ जमिनीच्या हजारो पट असते. दिवसा या लहरी ६० ते ९० किलोमीटर उंचीवरच्या विद्युतभारित हवेच्या ‘डी’ थरात जिरतात. सूर्य बुडाला की तो थर विरतो आणि लहरी आणखी वरच्या थरांवरून परतून खाली येतात. किनाऱ्यावर त्या तिरक्या पाण्यावरून येत असल्याने शेवटच्या टप्प्यातही त्यांचा जोर टिकतो. सह्याद्रीच्या पलीकडे घरच्या गच्चीत जे केंद्र कण्हत येतं, ते इथे घसा साफ करून बोलतं.

सामान फार नव्हतं. टेकसनचा पीएल-३३० हा खिशात मावणारा डिजिटल सेट, जोडीला घरचा जुना पॅनासॉनिक, आणि दोन फुटी लाकडी चौकटीवर तेरा-चौदा वेढे गुंडाळून, मोडीत निघालेल्या सेटमधला गँग (केंद्र लावायचा फिरता कपॅसिटर) लावून केलेला लूप, म्हणजे तारेची अँटेना. लूपची वायर सेटला जोडायची नसते. सेट चौकटीशेजारी ठेवून गँग फिरवला की विशिष्ट जागी आवाज एकदम उसळतो. बघणाऱ्याला ही हातचलाखी वाटते. सेटची ती लांब दांडी मीडियम वेव्हला कामाची नाही, ती शॉर्टवेव्ह आणि एफएमसाठी. खरं काम आतला फेराइट रॉड, म्हणजे तार गुंडाळलेली काळी कांडी, करतो. त्याचं टोक एखाद्या केंद्राकडे वळवलं की ते केंद्र दबतं, आणि एकाच जागेवर दोन केंद्रं भांडत असतील तर नको ते झोपवता येतं.

जानेवारी होता. संध्याकाळी आधी मुक्कामाच्या घराच्या पडवीत बसलो आणि निराश झालो. रत्नागिरी ११४३ किलोहर्ट्झवर ठणठणीत, पण बाकी बँडभर नुसती घरघर. एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, शेजारचा इन्व्हर्टर, सगळे मिळून मीडियम वेव्हवर शेण टाकतात. (शहरात तर हा छंद याच कारणाने मेला.) सातच्या सुमारास लाइट गेली आणि घरघर एका झटक्यात थांबली. ८८२ वर पुत्तलम, म्हणजे श्रीलंकेतला ट्रान्स वर्ल्ड रेडिओचा ४०० किलोवॉटचा ट्रान्समीटर, शेजारच्या खोलीत बोलावं तसा आला. खाली फारसी, वर अरबी, मध्ये १०७१ वर राजकोट, हजार किलोवॉटच्या तोऱ्यात. मी हसत बसलेलो पाहून कंदील घेऊन आलेल्या काकू म्हणाल्या, “लाइट गेल्यावर खूश होणारा पाव्हणा पहिल्यांदाच बघतेय. थांबा, घावणे तरी उजेडात खा.”

लाइट परत येणार हे उघड होतं, म्हणून घावणे खाऊन कातळावर गेलो. खाली पाणी, वर वारा, जवळपास एकही वायर नाही.

केंद्र कुठलं हे कळायला भाषा लागतेच असं नाही, घड्याळ पुरतं. आपली वेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे आणि इराणची साडेतीन, म्हणून इराणचे तासाचे टोले आपल्याही तासालाच पडतात. आखाती अरब देश तीन किंवा चार तास पुढे, त्यामुळे त्यांच्या बातम्या आपल्या साडेला. साडेसात, साडेआठला टोले पडले की केंद्र अरबांचं असण्याचा संभव मोठा. (पाकिस्तानचेही साडेलाच, पण ते भाषेवरून ओळखता येतात.) दुसरी खूण अजानची. सूर्यास्त पश्चिमेकडे सरकतो तशी मगरिबची अजानही सरकते. जानेवारीत सातच्या पुढे ओमानच्या बाजूने सुरू होते आणि कुवेतला पोचेपर्यंत आपल्याकडे पावणेआठ वाजत येतात. कान देऊन बसलं तर रेखांश ऐकू येतात म्हणा ना.

आठच्या पुढे टॉर्चचा झोत अंगावर आला. गावातला एक पोरगा होता. रात्री कड्यावर वायर गुंडाळलेली चौकट घेऊन बसलेला माणूस दिसल्यावर त्याने चौकशी केली नसती तरच नवल. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावरची गावं अशा बाबतीत जागी असतात, आणि असावीत. ओळखपत्र दाखवलं, सेट दाखवला. त्याच्यामागून त्याचे चाचा आले, लुंगी, स्वेटर, कानाला मफलर. सेटमधून अरबी येत होतं. ते वाकून ऐकायला लागले.

“कुठलं आहे हे, चाचा?”

“थांबा जरा.”

मी ५४० वर होतो. आवाज चढत-उतरत होता, मध्येच विरायचा आणि पुन्हा वर यायचा. साडेआठचे टोले पडले. चाचांनी बोट वर केलं. “अल-कुवेत. म्हणाला बघा, अल-कुवेत.” मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, “तिथे सहा वाजले आत्ता. सुटायची वेळ.”

कुवेत इथून तीन हजार किलोमीटरच्या आसपास. चाचा तिथे क्रेन चालवत. ऑगस्ट १९९० मध्ये इराकी फौजा शिरल्या तेव्हाही तिथेच होते. बसने इराक ओलांडून अम्मान, तिथे तंबूत मुक्काम, मग एअर इंडियाचं विमान. त्या मोहिमेत पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय परत आले. गावाकडे फोन नव्हता, पत्रं बंद. घरी काय चाललं असेल असं मी विचारलं तर म्हणाले, “वालिद रेडिओ घेऊन इथेच यायचे, घरात नीट लागत नसे. बीबीसी लावायचे. माझं नाव काय सांगणार आहेत रेडिओवाले? पण ऐकायचे.”

बीबीसीचं पूर्वेकडचं रिले केंद्र तेव्हा ओमानच्या मसीरा बेटावर होतं, १४१३ वर. पुढे २००२ मध्ये ते ओमानच्याच किनाऱ्यावर अ’सीलाला हललं. मसीरा आणि हा कातळ यांच्यामध्ये समुद्राशिवाय काही नाही. कोकणातल्या किती घरांची भाकरी त्या बाजूने येते हे सांगायला नको, बातमीही तिकडूनच यायची.

चाचांनी नंतर सेट हातात घेतला, उलटा करून मागचं झाकण बघितलं आणि किंमत विचारली. ऐकल्यावर परत दिला.

मी पहाटे पुन्हा बसलो. उजाडताना उलटी गंमत असते. पूर्वेची केंद्रं आधी मिटतात, पश्चिमेची सूर्य वर आल्यावरही थोडा वेळ रेंगाळतात, कारण तिकडे अजून अंधार असतो. फारसी बोलणारी एक बाई बराच वेळ टिकून होती. मग तीही गेली.

परतताना वाट वाकडी करून देवाचे गोठणेचं कातळशिल्प पाहिलं. त्या माणसाच्या आकृतीवर होकायंत्राची सुई भरकटते अशी ख्याती आहे, आणि माझीही भरकटली. रेडिओवर मात्र ढिम्म फरक पडला नाही.

कुणाला जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. एप्रिलपासून घाटमाथ्यावरच्या विजांची खरखर सुरू होते. सेटमध्ये केंद्र शोधताना पुढे सरकायची ९ किलोहर्ट्झची पायरी निवडा, अमेरिकेसाठीची १० राहिली असेल तर बरीच केंद्रं हुकतील. जादा सेल, टॉर्च आणि ओळखपत्र जवळ ठेवा. आणि आकाशवाणीचे मीडियम वेव्हचे बरेच ट्रान्समीटर गेल्या काही वर्षांत बंद झालेत, आखातातलेही होताहेत, तेव्हा जायचं तर याच हिवाळ्यात जा. मुक्कामाच्या घरी आधीच विचारून घ्या, लाइट किती वाजता जाते.